जाऊबाईंची जोडवी
अंकुशनगरच्या कारखान्याकडून मळीचा वास आला, की थोरल्या जाऊबाईंचे पाय डोळ्यांसमोर येतात. आम्ही दोघी ऊसतोडीला जायचो. पहाटे चहाबरोबर सगळी टोळी किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी घ्यायची. जाऊबाई दोन घ्यायच्या. एकदा मोळी बांधताना त्यांची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतलेली दिसली. "डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले. "उभं राहून सुजलेत. अजून एक गोळी घेते, मंग बराबर होतंय," त्या म्हणाल्या. चार दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. जालन्याच्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांचं पाकीट बघितलं, मग किडन्या निकामी झाल्याचं सांगितलं. कापून काढलेली ती जोडवी माझ्या पेटीत आहेत. हल्ली कंबरेसाठी मीही तीच गोळी घेते, एकच. आज आंघोळ करताना माझी जोडवी फिरेनात.