एकाच गोलंदाजाविरुद्ध दोन तक्रारी

आमच्या गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहीत आणि पुढच्या मुलाला हाक मारत. माझे वडील स्वतःच शिक्षक असल्यामुळे माझी तारीख खरी आहे. तिचा आजवर मला काही उपयोग झालेला नाही.

तारीख अशी सहज पडायची, वर्ष मात्र विचार करून लिहिलं जाई. कुंडलच्या पलीकडचं आमचं गाव ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर चालतं. बाप फौजेत असला की तो मुलाचं वय दोन वर्षं कमी लावायचा. भरतीत एकदा नापास झालं तर पुन्हा उभं राहता येतं, आणि नोकरी लागल्यावर शेवटी दोन वर्षं जास्त मिळतात. ‘दोन वर्षं हातात ऱ्हात्यात’ असं म्हणायची पद्धत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. याच मुलांना पुढं कधी मोठं असण्याचीही गरज पडेल, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

माझ्या वर्गातला आमचा डावखुरा गोलंदाज अशा दोन वर्षांचा धनी. दहावी झाली, दोनेक वर्षं शेतात काढली आणि तो फौजेत गेला. तिथून हवालदार म्हणून सुटला. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, म्हणून तो मेजर. निवृत्तीनंतर काही वर्षं तो पुण्यात एका बँकेच्या दारात उभा राहिला. आम्ही वर्गमित्र दर हिवाळ्यात गावाच्या संघातून खेळत होतो, ते त्यानं सगळं आधी पत्रातून आणि मग फोनवर ऐकलं. गेल्या दिवाळीला तो कायमचा परत आला आणि म्हणाला, आता मला घ्या. त्याच बैठकीत त्यानं हेही सांगितलं की डाव्या खांद्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलंय, आणि डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर जेवता येईल, गाडी चालवता येईल, पण चेंडू टाकता येणार नाही. म्हणजे पस्तीस वर्षं चुकलेलं क्रिकेट त्याला एका जानेवारीत खेळून घ्यायचं होतं.

त्या जानेवारीत एकच स्पर्धा होती, हायस्कूलच्या मैदानावर, पन्नास वर्षांपुढील खेळाडूंसाठी. आमच्या संघाचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे, कारण मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवतो आणि माझं अक्षर चांगलं आहे. खेळात मला जिथं चेंडू सहसा जात नाही तिथं उभं करतात. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती मीच गोळा केल्या, मीच यादी केली, आणि मेजरच्या कार्डाकडे मी नीट बघितलं नाही. ज्याच्याबरोबर एका बाकावर बसलो त्याचं वय कोण बघतं? कागदावर त्याला पन्नास पूर्ण व्हायला पाच महिने कमी होते.

स्पर्धेची सुरुवात रीतीप्रमाणे झाली. समितीच्या अध्यक्षांनी नऊ जणांना फेटे बांधले, त्यातल्या तिघांना फेटा कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी उद्घाटनाचा चेंडू खेळायचा असतो. पाहुणे शाल सावरत उभे राहिले आणि त्यांचे तीन चेंडू हुकले. चौथा गोलंदाजानं जवळ जाऊन बॅटीवर नेऊन ठेवल्यासारखा टाकला, तेव्हा टाळ्या झाल्या आणि माईकवरून चौकार जाहीर झाला. चेंडू पाहुण्यांच्या पायाशीच पडलेला होता.

हे सगळं होईपर्यंत आटपाडीचा कप्तान सावलीत बसून आमची यादी आणि तिला जोडलेली कार्डं वाचत होता. आमचा पहिला सामना त्यांच्याशी होता. माणूस जाडजूड, चष्मा लावलेला. त्याचे खेळाडू त्याला आण्णा म्हणत. वाचून झाल्यावर तो सरळ अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला की यांचा एक गडी पन्नाशीच्या आतला आहे. तक्रार रास्त होती. अध्यक्षांनी मला बोलावून कार्डाची प्रत दाखवली. मी म्हटलं, हा माझ्या वर्गात होता, मी बावन्नचा आहे. अध्यक्ष म्हणाले, हुशार मुलं लवकर दहावी होतात. मेजरला दहावीला गणितात काठावर पास केलं होतं, पण ते मी सांगितलं नाही.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट ठरावात बसवायची असायची. त्यांनी वाट काढली: मेजरनं लिहून द्यावं की कागदावरचं वय चुकीचं आहे, खरं वय इतकं आहे, समिती ठराव करून त्याला घेईल आणि अर्ज फाइलला लावेल.

मेजर तोवर बूट बांधत होता. मी त्याला हे सांगितलं. त्यानं हातातली गाठ पुरी केली.

“लिहून न्हाई द्यायचं गड्या,” तो म्हणाला. “पेन्शन हाय माझी. फायलीतला कागद कुटं फिरंल सांगता येत न्हाई. मी बसतो.”

मग त्यानं बांधलेली नाडी सोडली. यादी माझी होती, आणि पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची सोय त्याच्या खांद्यानं ठेवली नव्हती.

नाणेफेक व्हायला वेळ होता, कारण ज्या पाहुण्यांच्या हातून नाणं उडवायचं ते फोटो काढून घेत होते. आमचे फलंदाज कुंपणाजवळ सराव करत होते. मेजर उघड्या बुटांनीच उठला आणि त्यांना चेंडू टाकू लागला. खेळायचं नाही तर निदान त्यांचा हात तरी बसावा. सहा पावलांचं धावणं, आणि शेवटच्या पावलाला शेतातला पाट ओलांडावा तशी एक उडी. ती उडी तो शाळेत मारायचा तशीच होती. तेव्हा तो खरोखरच रोज शाळेला येताना दोन पाट ओलांडून येई.

आटपाडीचा आण्णा पाणी प्यायला उठला होता. तो पेला हातात धरून तिथंच उभा राहिला. तीन चेंडू बघितले आणि मग पुढं आला.

“काय रं, तू पलूसच्या मैदानावर शाळेकडनं खेळलायस का?”

मेजर म्हणाला, खेळलोय, दहावीत, आटपाडीच्या शाळेविरुद्ध. एका सलामीच्या पोराचा मधला दांडा उडवला होता. तो पोरगा बाहेर जायलाच तयार नव्हता. आमच्या सरांशी भांडत होता की गोलंदाज वयानं थोराड आहे, त्याला मिशी आहे, याला शाळेच्या सामन्यात घेतलाच कसा. सरांनी रजिस्टर दाखवलं तेव्हा गेला.

आण्णाच्या मागं त्याच्या संघातले तिघे येऊन उभे होते. ही गोष्ट त्यांनी कित्येकदा ऐकली असणार, अर्थात दुसऱ्या बाजूनं. त्यांच्यातला यष्टिरक्षक फार शांतपणे म्हणाला, “आवं आण्णा, म्हंजी तुमी दहावीत, आन कागदानं ह्यो आठवीत. आठवीतल्या पोरानं दांडा उडवला व्हय तुमचा?”

दुसरा म्हणाला, आण्णा तर आम्हाला बाप्या गडी होता म्हणून सांगतात.

हसणं आटपाडीच्या बाजूनं सुरू झालं आणि आमच्या बाजूला आलं. मेजर मात्र हसला नाही. तो चेंडू पुसत उभा होता. आण्णानं चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि अध्यक्षांच्या टेबलाकडे चालू लागला. काय होतंय ते बघायला आम्ही सगळेच मागोमाग गेलो.

“अध्यक्ष,” तो म्हणाला, “आजची माझी तक्रार बाजूला ठिवा. ह्याच गड्यावर माझी पस्तीस वर्सांमागची एक तक्रार पडून हाय. त्यो वयानं मोठा हाय म्हणून मी तवाच सांगितलं हुतं, कुणी ऐकलं न्हाई. ती आदी मंजूर करा. मग त्यो आपोआप पन्नाशीच्या वर जातोय.”

अध्यक्षांनी विचारलं, तक्रार लेखी होती का. आण्णा म्हणाला, तोंडीच होती आणि तोंडीच मंजूर व्हावी. प्रतिस्पर्धी संघच आक्षेप मागं घेतोय म्हटल्यावर फाइलला लावायला काही उरत नव्हतं. अध्यक्षांना ते जरा सुनं वाटलं असावं. पण त्यांच्यापुढं माईक होता. क्रीडाभावना या विषयावर ते सात-आठ मिनिटं बोलले आणि आण्णाला दहावा फेटा बांधला. तोवर मेजरनं पुन्हा नाड्या बांधल्या होत्या, दोन गाठी मारून.

आटपाडीनं आधी फलंदाजी घेतली. आण्णा सलामीला आला आणि चेंडू मेजरच्या हातात होता. पहिला चेंडू लेगला भरकटून आण्णाच्या पॅडला लागला. दुसऱ्यावर चौकार, तिसऱ्यावर चौकार, चौथा थेट पाहुण्यांच्या मांडवात. त्यानंतर मेजरच्या वयाबद्दल मैदानावर कुणालाच शंका राहिली नाही. पाचवा चेंडू टाकून त्यानं उजव्या हातानं खांदा धरला. मी लांबून विचारलं, थांबायचं का. त्यानं मान हलवली.

सहाव्याला त्यानं पाटावरून उडी मारली तशी मारली. चेंडू बाहेरून आत आला, माझ्या आठवणीत येतो तसा. आण्णा मारायला निघालेला मध्येच थांबला, बॅट आणि पॅड एकत्र आणले आणि चेंडू जागच्या जागी दाबून टाकला. पन्नाशीपुढच्या क्रिकेटमध्ये एवढ्या काळजीनं खेळलेला चेंडू मी दुसरा पाहिलेला नाही. मग दोघं एकमेकांकडे बघून जरासे थांबले आणि षटक संपलं.

मेजरनं आपली चारही षटकं टाकली. एक बळी मिळाला, तो आण्णा नव्हता. सामना आम्ही हरलो, बऱ्यापैकी फरकानं. संध्याकाळी तो खांद्यावर बर्फाची पिशवी धरून पायऱ्यांवर बसला होता, तेव्हा आण्णा जाता जाता थांबला आणि म्हणाला की शेवटचा आत आला. मेजर म्हणाला, आला खरा. एवढंच बोलणं झालं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टर म्हणाला होता तसंच आहे. जेवतो, गाडी चालवतो, डावा हात कानाच्या वर जात नाही. एक जूनला सकाळी मी त्याच्या घरी होतो, तेव्हा आटपाडीहून फोन आला. मेजरनं तो स्पीकरवर टाकला.

“आजपास्नं कागदानंबी पन्नाशीचा झालास,” आण्णा म्हणाला. “आता कुणाचीच तक्रार न्हाई.”

मेजरनं विचारलं, मग जानेवारीत काय करू, हात तर वर जात नाही. आण्णा म्हणाला, आमच्याकडनं पंच म्हणून ये. षटकार द्यायला दोन्ही हात वर करावे लागतात, पण आमच्या वयात ते फार वेळा लागत नाही.

मेजर जाणार आहे. यंदाच्या यादीसाठी मी त्याच्याकडे आधार कार्ड मागितलेलं नाही.