गाडी खाना झाली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, आणि ज्यांच्या पैशावर शिकलो त्या वकीलसाहेबांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे. का — ते मलाही नीट कळत नाही.

निजामी अमलाच्या शेवटच्या काळात सत्याग्रह करून मी जालन्याच्या तुरुंगात होतो आणि तिथे मी कैद्यांची शाळा चालवली, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे हारतुरे असले की हेच सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

आधी घरचं थोडं सांगू का? की हेही टाळणंच झालं? वडील नव्या जालन्याच्या स्टेशनावर हमाली करायचे. आमच्यात अक्षर ओळखणारा पहिला मी. हैदराबादेहून उर्दूतून बी.ए. होऊन आलो तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता तुला मास्तर म्हनतील का?" मी हो म्हणालो. कुणी तसं म्हणायच्या आत ते गेले. मला पहिल्यांदा मास्तर म्हटलं ते तुरुंगात — चोरांनी, मारामारी करून आलेल्यांनी. त्या हाकेने मला काय व्हायचं, ते कसं सांगू?

कैदी पुष्कळ आणि शिकवणारा एक. म्हणून दारोगाला विचारून मी चौघांना हाताशी धरलं. मी त्यांना शिकवायचं, त्यांनी आपापल्या बराकीत शिकवायचं. ओसरीच्या भिंतीवर मी कोळशाने मुळाक्षरं काढून दिली होती. त्या चौघांत खंडू होता. आष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. चोरीचा बैल विकताना सापडला. "बैल चोरीचा व्हता," तो म्हणायचा, "पर दात बघून वय मी बराबर सांगितल्तं."

खंडूला शिकवता येत होतं. मला येत होतं त्याहून चांगलं — हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी शिकवायला लागलो की माणसं जांभया द्यायची. खंडू अक्षरं विकायला काढायचा. ह चं पोट दाखवायचा, ट चा पाय उचलायचा, ढ ला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून हळहळायचा. त्याच्या बराकीतून हसणं ऐकू यायचं. मग बाकीच्या तिघांची माणसंही तिकडे जाऊन बसायला लागली.

एकदा अंगणात कुणीतरी "ओ मास्तर" अशी हाक मारली. मी वळलो. हाक खंडूला होती. मी तेव्हापासून 'बीए' झालो. बीए साहेब, बीएला विचारा — आदरानेच म्हणायचे. पण मास्तर तो.

वडिलांचा शब्द एका बैलचोराने नेला, असं मला वाटलं. खरंच असं वाटलं. तुम्ही हसाल, पण रात्र रात्र मला झोप यायची नाही.

आता ख बद्दल. आमच्या गावठी शाळेत मी ख काढायला शिकलो तो असा — आधी र, मध्ये बोटभर फट, मग व, वरून एक रेघ. हैदराबादेत माझं मराठी अक्षर बघायला कोण बसलं होतं? भिंतीवरही मी तसाच काढला. खंडूने तो उचलला आणि आपल्या पद्धतीने बराकीला दिला, "ह्यो र एक बैल, ह्यो व दुसरा. वरची रेघ म्हंजी जू. दोघं जुंपले की काय झालं? ख."

एका दुपारी मी त्याच्या बराकीवरून जात होतो. आत एक म्हातारा 'गारवा' हा शब्द वाचत होता. त्याने वाचलं, "गाखा". खंडू बाहेर चक्कीवर होता. मी थांबलो. चूक कुठून आली ते मला तिथल्या तिथे कळलं. माझ्या हातून आली होती. दोन शब्द बोललो असतो तर संपलं असतं. मी पुढे गेलो.

का गेलो? औरंगाबादहून तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, एक साहेब शाळा तपासायला, मुआयन्याला येणार होते. दारोगा म्हणाला होता, साहेबांना खंडूची बराक पसंत पडली तर त्याला चक्कीवरून काढतो आणि सजा कमी करायला वर लिहितो. पिठाच्या धुळीने खंडूला खोकला जडला होता. बोलता बोलता तो भिंत धरून उभा राहायचा. हे मी रोज बघत होतो. तरी पुढे गेलो.

मुआयन्यासाठी भिंतींना चुना लागला. अक्षरं पुन्हा काढायची होती. आदल्या संध्याकाळी मी ती एकट्याने काढली. ख शी आल्यावर र चं शेपूट खालून नेऊन व ला नीट जोडलं. भिंत दुरुस्त केली. माणसाला सांगितलं नाही.

साहेब मराठी जाणणारे होते. खंडूच्या बराकीपुढच्या फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'गाडी रवाना झाली'. सगळी बराक एका सुरात म्हणाली, "गाडी खाना झाली."

साहेबांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच, आणखी मोठ्याने.

"गाडीने खाना खाल्ला," साहेब म्हणाले, "की गाडीलाच कुणी खाल्लं?" दारोगा हसला, शिपाई हसले. वाचणाऱ्यांतलेही काही हसले, का ते न कळता. एकटा खंडू हसला नाही.

"साहेब, बीएंनी असाच शिकिवला," तो म्हणाला. "भिंतीवर हाय. बघा की."

सगळे ओसरीकडे वळले. भिंतीवर जोडलेला ख होता, चुन्यावर काळाभोर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी असं कधी शिकवलं नाही."

"मंग मी काय घरून आनला का ख?" खंडू म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. पुढे त्याला बोलताच आलं नाही. दारोगाने त्याला बाजूला नेलं. बराक माझ्याकडे आली. खंडू दिवसभर चक्कीवर राहिला. काही दिवसांनी लोक मला पुन्हा मास्तर म्हणायला लागले. त्या हाकेला मी ओ देत होतो.

निजाम गेला, आमची सुटका झाली. फाटकाबाहेर हार घेऊन माणसं उभी होती. चोरीतले कैदी आतच राहणार होते. निघताना वाट चक्कीवरून होती. खंडू दारात बसला होता. भुवयांवर पीठ, बरगड्या दिसत होत्या. मला वाटलं तो तोंड फिरवेल. त्याने फिरवलं नाही. बाजारात सौदा झाल्यावर गिऱ्हाइकाला निरोप देतात तसा हात वर केला.

"जावा मास्तर," तो म्हणाला. "खाना व्हा."

त्याचं पुढे काय झालं याची मी चौकशी केली नाही. करता आली असती. आष्टी काही लांब नाही. मी नोकरीला लागलो, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. इतक्या वर्षांत हजारो वेळा फळ्यावर ख काढला. दरवेळी जोडून काढला.