ढाल वरच्या मजल्यावर

आमच्या मंडळाच्या गणपतीत विविध गुणदर्शनाची स्पर्धा असते. जादू, नक्कल, एकपात्री, डोक्यावर समई ठेवून नाच, काहीही चालतं. नियम एकच, भाषा मराठीच हवी. रायपुरात असा नियम करावा लागतो, कारण आमची पोट्टी मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. एका वर्षी मावळ्यानं किल्लेदाराला 'भैया, दरवाजा खोलो' म्हटलं, तेव्हापासून हा नियम लोखंडाचा झाला. मागच्या वर्षी एका पोट्टीच्या तोंडून 'क्योंकि' निसटलं आणि ती बाद झाली. हरकत अर्थातच मी घेतली होती.

ह्या स्पर्धेत पहिला नंबर माझा असतो. किती वर्षं, ते मी मोजत नाही. जे मोजतात ते जळतात. यंदा मंडळाचे सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजून राहिलं आहे.

"वैनी, ह्या वर्षी तुम्ही परीक्षक," ते म्हणाले. "तुमच्यासमोर कोणी उभंच राहून नाही राहिलं ना."

पंगतीतून उठवायचं असलं की माणसाच्या हातात वाढायचं भांडं देतात, त्यातला हा प्रकार. मी पेढा खाल्ला आणि हो म्हटलं. आतून मात्र नुसती आग झाली. कारण यंदाची फिरती ढाल माझ्या सासूबाईंच्या स्मरणार्थ होती, आमच्याच घरानं दिलेली, आणि ती कल्पना माझी होती. ढालीसाठी मी शोकेसचा मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता. तिथली काचेची बदकं आता बेडरूममध्ये धूळ खात होती.

आमचं घर शंकर नगरला. रेल्वेत असलेल्या सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही, वर धाकटा दीर आणि त्याची बायको. सासूबाई तिला लहानी म्हणायच्या आणि मला मोठी, म्हणून सगळेच म्हणतात. लहानी बीरगांवची, वडील तिथल्याच उरला वसाहतीतल्या कारखान्यात, घरची बोली छत्तीसगढी. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचं अक्षर येत नव्हतं. जे शिकली ते व्हरांड्यात सासूबाईंच्या पायाशी बसून, म्हणजे सासूबाईंच्या माहेरचं, यवतमाळचं. मी ब्राह्मणपाऱ्यातली. आमचं घराणं इथं मराठ्यांच्या राज्यापासून, आणि माहेरी वडील 'मले-तुले' म्हणू देत नसत. मी लहानीला सांगायची, "मले नाही गं, मला." की सासूबाई मधे पडल्याच. "राहू दे ना वं मोठे. जमते तसं बोलू दे तिले."

मला लहानीचा मत्सर वाटतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. तिचे केस दाट आहेत आणि तिचा फरा, ते इथले तांदळाचे वाफवलेले मुटके, कापसासारखा होतो. पण ते मी चालवून घेतलं असतं. सासूबाई राहायच्या आमच्याकडे, जेवायच्या आमच्याकडे, त्यांची औषधं माझ्या फ्रिजमध्ये, आणि हसायच्या मात्र लहानीबरोबर. मी आत दार लावून तालीम करत असले की बाहेरून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. दार उघडून बाहेर आले की एकदम चूप, नळ बंद केल्यासारखं. मग सासूबाई विचारायच्या, "झाली का तालीम?" बस, एवढंच. इतकी बक्षिसं आणली, पण 'छान केलंस' म्हणून त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. गेल्या त्या तशाच गेल्या.

तर स्पर्धेची संध्याकाळ. हॉल खच्चून भरलेला. माझ्याशेजारी दुसरे परीक्षक, बँकेत बदली होऊन नुकतेच आलेले पुण्याचे साहेब. प्रत्येक वाक्याला 'अच्छा' म्हणणारे, सज्जन गृहस्थ. आणि माईकवर घोषणा झाली तेव्हा मला कळलं की शेवटचं नाव लहानीचं आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या जावेला पत्ता नाही! मी सेक्रेटरींना बोलावून म्हटलं, अहो, माझी जाऊ आहे ती, मी कशी परीक्षक चालेन? ते म्हणाले, "वैनी, नात्यातला नसलेला परीक्षक पाहिजे तर नागपूरहून आणावा लागन, अन् तोही कोणाचा तरी साडूच निघन." मला बसवूनच ठेवलं.

कार्यक्रम सुरू झाला. एका डॉक्टरांनी फेट्यातून कबुतर काढलं, ते पंख्यावर जाऊन बसलं आणि पंखा बंद करावा लागला. मग रेल्वेतले एक निवृत्त गार्ड आले आणि त्यांनी नुसत्या तोंडानं अख्खी मालगाडी हॉलमधून नेली, वळणावरच्या खडखडाटासकट. लोकांनी टाळ्यांनी डोक्यावर घेतलं त्यांना. मी मनात म्हटलं, चला, ढाल ह्यांची. माझ्या घरी नाही आली तरी चालेल, पण वरच्या मजल्यावर नको.

आणि लहानी आली. अंगावर सासूबाईंचं जांभळं लुगडं. हे लुगडं मी दोन्ही कपाटं उपसून शोधलं होतं! म्हणजे जाण्याआधीच तिला देऊन टाकलेलं. 

प्लास्टिकच्या स्टुलावर ती बसली, एक पाय दुमडून, चष्मा कपाळावर चढवून. समोर भाजीचा ठेला आहे असं समजायचं. तिनं हवेतली जुडी उचलली, नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "काहून रे, हे लालभाजी हाय का वाळलं गवत?"

हॉल हशानं फुटला. आवाज सासूबाईंचा, मानेचा झटका सासूबाईंचा, जुडी परत टाकताना करंगळी बाजूला ठेवायची ती तऱ्हाही त्यांचीच. मला हसू आलं आणि ते मी दात दाबून गिळलं. चुका शोधायला लागले. माईकपासून लांब बसली आहे. हात जास्त हलवते. पण खरं सांगते, मी आजवर जे करत आले ते पाठांतर होतं, आणि ही तिथं नुसती बसली होती. असं मला कधी जमलं नाही. जमणारही नाही.

घासाघीस झाली. मग आवाज बदलून भाजीवाला विचारतो, "आजी, तुमची मोठी सून दिसून नाही राहिली?"

मी गुणांच्या कागदावरचं पेन उचललं.

"आत आहे. तालीम करून राहिली. तू हळू बोल, तिचं चुकन."

"दिवसभर तालीमच करते का? मग तुमच्याकडं पाहते का ते नीट?"

म्हातारीनं जुडी खाली ठेवली. कपाळावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत डोळ्यांवर लावला.

"हव," ती म्हणाली. आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. पडदा.

निर्णयासाठी आम्हां दोघांना हॉलमागच्या स्वयंपाकघरात बसवलं. मोदकांच्या वाफेनं साहेबांचा चष्मा धूसर झाला होता. ते म्हणाले, "गार्डसाहेब आणि ह्या बाई. खरं तर बाईच उजव्या. पण शेवटी घोटाळा झाला हो. तो विचारतो, सून नीट पाहते का, आणि म्हातारी म्हणते, 'हवं'. काय हवं? भाजी हवी? सून हवी? शेवटच कळला नाही तर पहिला नंबर कसा द्यायचा?"

पुण्याचा माणूस! त्याला 'हव' कुठून माहीत असणार. मी गप्प बसले असते तरी ढाल गार्डसाहेबांची होती. खरं सांगितलं असतं, की हा छत्तीसगढी शब्द आहे, इथं राहून सासूबाईंच्या तोंडी बसलेला, तरी नियमानं लहानी बाद, आणि ढाल गार्डसाहेबांचीच. दोन्ही रस्ते माझ्या सोयीचे होते. मागच्या वर्षी 'क्योंकि'ला बाद करणारी बाई मी, माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

पण बाद करायचं म्हणजे ते उत्तर बाद करायचं. इतक्या वर्षांत सासूबाईंनी माझ्याबद्दल दिलेलं एकच उत्तर. लहानीनं ते पदरचं घातलं असेल का, हेही मला ठाऊक नव्हतं. तरी ते खोडायला माझा हात होईना.

"हवं नाही, हव," मी म्हटलं. "हव म्हणजे हो. आमच्या सासूबाई असंच म्हणायच्या."

"अच्छा! म्हणजे ती सुनेला चांगलं म्हणते. सुंदर." साहेबांनी चष्मा पुसला. "पण हा मराठी शब्द आहे का?"

"हव," मी म्हटलं.

ढाल लहानीला मिळाली. फोटो काढताना मी शेजारी उभी होते, त्या फोटोत माझं तोंड कारलं खाल्ल्यासारखं आलं आहे. घरी निघताना ती माझ्याच स्कूटीवर मागे बसली, ढाल मांडीवर घेऊन. ढालीची कड माझ्या पाठीला टोचत होती.

"दीदी, गुस्सा नाही ना तुम्ही?" तिनं विचारलं. "ढाल खालीच ठेवा तुम्ही. शोकेसमधे."

"काही नको," मी म्हटलं. "तुझी आहे, तू ठेव." मग गाडी चालू करता करता विचारून टाकलं. "ते भाजीवाल्याचं खरं होतं की तू घुसवलंस?"

"खरं होतं. तो रोज विचारे, अन् आई रोज तसंच म्हणत."

रोज. मी आत दार लावून संवाद घोकत होते आणि बाहेर हे रोज चाललं होतं. त्या क्षणी लहानीचा जेवढा राग आला तेवढा त्याआधी कधी आला नव्हता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं मांडीवरची ढाल सावरली. मग सासूबाईंच्या आवाजात, मान झटकून म्हणाली, "मोठीले नको सांगू वं लहाने. आधीच पहिला नंबर हाय, आणखी चढन."

मी गाडी बंद केली. तिथंच, हॉलच्या फाटकात, हँडलवर डोकं टेकून हसत बसले. डोळे पुसायला तिनं मागून पदर दिला, तो त्या जांभळ्या लुगड्याचाच होता.