धनेशाचं तेल

पहिल्या बाळंतपणात सव्वा महिना मी खोलीबाहेर पडले नाही. मरोदा गावाच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं कच्चं घर, नवरा कारखान्याच्या बांधकामावर, आणि सासूचा कारभार कडक. दार लावलेलं, खाटेखाली शेगडी, आणि जेवणाचं ताट दाराच्या फटीतून आत सरकायचं. झरोका तेवढा उघडा असे. त्यातून मोहाचं एक झाड दिसायचं.

त्या झाडाच्या ढोलीतही कुणी माझ्यासारखंच कोंडलेलं होतं. ढोलीचं तोंड लिंपून बंद, मध्ये बोटभर फट. राखी रंगाचा एक पक्षी दिवसातून कितीदा तरी किंचाळत यायचा, फटीतून बाहेर आलेल्या चोचीत उंबर भरवायचा आणि पुन्हा किंचाळत जायचा. बाळ दचकून उठायचं, मी चिडायचे. पण माझ्या नवऱ्यानं महिन्यात एक केळंही आणलं नव्हतं, त्यामुळे त्या कर्कश्याचं कौतुकही वाटायचं.

सासूचे गुडघे धरले होते. शेजारणीनं तिला धनेशाच्या चरबीचं तेल सांगितलं, पण पक्षी मिळायचा कुठे? धनेश हे नाव मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आतूनच विचारलं, "कसा असते तो?"

"चोचीवर शिंग असते म्हने त्याले."

"मंग तो तर रोज येऊन राहिला समोरच्या मोहावर."

सासू माझ्यावर खूश व्हावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोन दिवसांनी शेजारणीच्या नवऱ्यानं फांदीला चिकट डिंक लावला. त्या दुपारपासून किंचाळणं थांबलं.

फटीतली चोच मात्र बाहेर येतच राहिली. मी सासूला म्हटलं, "मादी आत हाय. ते लिंपन फोडा."

"पाखराची एवढी काळजी कावून करून राहिली तू? येईल आपोआप बाहेर."

नवरा म्हणाला, रविवारी बघू. रविवारी ओव्हरटाइम निघाला. मग चोच दिसेनाशी झाली. उडून गेली असेल, असं मी मनाला समजावलं. त्याच संध्याकाळी सासू कोमट तेलाची वाटी घेऊन आत आली आणि पहिल्यांदाच मायेनं म्हणाली, "पालथी हो. पयले तुह्या कंबरेले लावून देतो."

मी पालथी झाले. तिचे हात ऊबदार होते. मला बरं वाटलं, आणि त्याचीच आजवर लाज वाटते.

सव्वा महिना संपला त्या दिवशी नवऱ्याला मी झाडाखाली नेलं. तो शिडी लावून चढला. लिंपण जसंच्या तसं होतं, भाजल्या विटेसारखं कडक. त्यानं खिशातून हातोडी काढली.

"फोडू का?"

मला आत बघवलं नसतं. मी नको म्हणाले.

दुसऱ्या बाळंतपणात मी सासूला एकच सांगितलं, दार लावायचं नाही. तिनं कारण विचारलं नाही. ताट घेऊन ती स्वतः आत यायची, मी जेवेपर्यंत बसायची, आणि आम्ही दोघीही झरोक्याकडे पाठ करून बसायचो.