त्यांच्या माहेरचं आडनाव

जर्मनीत गार्चिंगला पीएचडी करत होतो तेव्हा मी एका वेल्श बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहायचो. जर्मन माणसाशी लग्न करून त्या तरुणपणीच इकडे आल्या होत्या. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. रविवारी दुपारी त्या मला चहाला खाली बोलवायच्या आणि बोलता बोलता गाडी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मन सरदारांवर जायची.

"इंग्लंड त्यांच्या राजाने जिंकलं," त्या सांगायच्या. "आमच्याकडे वेल्समध्ये एकेक सरदार आपल्या बळावर घुसला. जेवढं घेशील तेवढं तुझं."

नदीकाठाने वर यायचं, मातीचा उंचवटा रचून त्यावर लाकडी गढी बांधायची, मग सवडीने दगडी किल्ला. खालची सपाट जमीन सरदाराच्या माणसांना. मूळचे लोक वर डोंगरात, मेंढरांमागे. त्यांच्या गावात तसा एक किल्ला अजून उभा होता. लहानपणी शाळेत जाताना आपण त्याच्याकडे मुद्दाम बघत नसू, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. आठ-नऊशे वर्षांपूर्वीची हकीकत, पण त्या 'आम्ही' आणि 'ते' असंच म्हणायच्या.

मला वाटलं, त्यांच्या वाढदिवसाला याच विषयावरचं काहीतरी शोधून द्यावं. इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर बसून मी त्यांच्या माहेरच्या आडनावाचा माग काढला. ते आडनाव नॉर्मन निघालं. सरदाराबरोबर आलेल्या शिपायांचं. शोध लागल्याच्या आनंदात मी त्याची छान प्रिंट काढली.

वाढदिवसाला त्यांचा मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि शेजारी जमले होते. बाई नातीला इंग्रजीत किल्ल्याची गोष्ट सांगत होत्या, ती जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती. मी मध्येच कागद पुढे केला. "तुम्ही डोंगरातल्या नाहीच! तुमचे पूर्वज किल्ल्यातले!"

सगळे हसले. "आल्झो," शेजारी म्हणाले, "म्हणजे किल्ला तुमचाच की!"

बाईही हसल्या. चष्मा लावून त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि केक कापायला उठल्या.

नातीने हट्ट धरला, "ओमा, पुढे काय झालं?"

"मला नीट माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "यांना विचार, यांनी अभ्यास केलाय."

पुढच्या रविवारी मी सारवासारव केली. आडनाव फक्त बापाच्या बापाचं. बाकीचे हजारो पूर्वज डोंगरातलेच असतील.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "तुमचं चुकलं नाही हो. पण इथे मी कुठली, कोण, हे मला विचारणारं कुणी नव्हतं, तेव्हा 'आम्ही डोंगरातले' एवढंच मी स्वतःला सांगत आले होते." मग त्यांनी माझ्या थीसिसची चौकशी केली.

चहा चालू राहिला, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वर्षभराने मी नोकरीसाठी ड्रेस्डेनला गेलो. तिथे कधीतरी वाचनात आलं, की बऱ्याच नॉर्मन सरदारांनी वेल्श राजघराण्यांतल्या मुलींशी लग्नं केली होती आणि दोन-चार पिढ्यांत दोन्हीकडचं रक्त मिसळलं होतं. मी हे सविस्तर पत्रातून त्यांना कळवलं. उत्तरादाखल ख्रिसमसचं कार्ड आलं. तब्येत बरी आहे, खोलीत आता एक चिनी मुलगी राहते, नात हायस्कूलला गेली, एवढंच त्यात होतं.

माझी माहिती बरोबर होती. ती त्यांना कुणी मागितली नव्हती, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.