रुख्मिणीचं बोट

शेलूबाजारच्या वाचनालयात मी पुस्तकं देतो-घेतो. म्हणजे आपलं म्हणायचं तसं. लोक येतात ते पेपरातले सोयाबीनचे भाव बघायला, नाहीतर जीप भरेपर्यंत पंख्याखाली टेकायला. मागच्या उन्हाळ्यात मला दुर्बुद्धी सुचली. पर्यावरण आणि पृथ्वीचं पुढं काय होणार या विषयावरची चांगली पुस्तकं मी वेगळी काढली, दाराजवळच्या कपाटात मांडली आणि वर खडूनं लिहिलं, ‘ही अवश्य वाचा.’ एका मास्तरांनी कपाटाकडे पाहून विचारलं, “परीक्षेला येते का हे?” नाही म्हटल्यावर ते पंख्याखाली जाऊन बसले.

त्या कपाटातलं पुस्तक नेलं ते फक्त आवडाबाईनं.

आवडाबाई साठीच्या पुढची. गावाबाहेर ओढ्याकाठी तिची भाजीची वाडी आहे आणि बाजाराच्या दिवशी आमच्या दारासमोरच तिचं गोणपाट अंथरलेलं असतं. चौथी शिकलेली. वाचते तर ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत.

“भाऊ, याच्यात कोहळ्याचं काई हाय का?” तिनं विचारलं. “वाडीत फुलं येतेत, फळ धरतच नाई.”

मी तिला किडे आणि पिकं यांच्यावरचं एक पातळसं पुस्तक दिलं. आता वाटतं, दुसरं कुठलंही दिलं असतं तर बरं झालं असतं.

कोहळ्याची गोष्ट इथल्या वाडीवाल्यांना सांगावी लागत नाही. वेलाला कोवळं फळ धरलं की त्याला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की ते पिवळं पडून गळतं. दाखवायचंच तर मूठ दाखवायची. आवडाबाईची धाकटी जाऊ रुख्मिणी लग्न होऊन आली ती मेडशीची, तूर-सोयाबीनच्या घरातली. तिला हे कुठून ठाऊक असणार? नवी नवरी वाडीत गेली, लिंबाएवढी फळं बघून हरखली आणि बोटानं मोजत सुटली. एक, दोन, तीन. आठवड्याच्या आत वेल रिकामा झाला.

त्यानंतर रुख्मिणीनं वाडीत पाय ठेवला नाही, म्हणजे आवडाबाईनं ठेवू दिला नाही. भाऊ वेगळे निघाले, वाडी थोरल्याकडे राहिली. रुख्मिणी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला गेली. बाजारात तिला ‘बोटवाली’ म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो. बारशाला ती मागं उभी राहायची. कुणी एसटी कुठं थांबते विचारलं तर हनुवटीनं दाखवायची. वीस वर्षांत तिचं बोट सरळ झालेलं मी पाहिलं नाही.

महिन्यानं आवडाबाई पुस्तक घेऊन आली. परत द्यायला नाही. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

“हे खरं लिवलं हाय का?”

पानावर सोपंच होतं. कोहळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाखाली फळ आधीच दिसतं, पण मधमाशीनं पराग आणला नाही तर ते पिवळं पडून गळतं.

“खरं आहे,” मी म्हणालो.

“रुख्मिणी आली त्या साली यायनं फवारनीचा नवा पंप आणला होता,” ती म्हणाली. यायनं म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चंपतनं. “सकायी सकायी औषध मारलं, फुलावरच. बांधावरच्या निंबाचं मोहोळ उठून गेलं. आमी म्हटलं बरं झालं, पोराइले चावत होतं.” तिनं पुस्तक मिटलं. “आता मले वाडीत जावसं नाई वाटत, भाऊ. सकायी उभी राह्यतो तं काईच आयकू येत नाई. पयले कशी गुणगुण राहे. त्या चुपचापीत मले तिचं बोटच दिसते.”

मी समजूत घालायला काहीतरी पुस्तकी बोललो. तिनं ते ऐकलं नाही, हेच बरं. तिनं एवढंच सांगितलं की उद्या सकाळी वाडीवर या आणि हे पान रुख्मिणीला वाचून दाखवा, माझ्या तोंडून तिला पटायचं नाही.

सकाळी गेलो. वेल जमिनीवर पसरलेले, पिवळीधमक फुलं तळहाताएवढी उघडलेली. आणि आवाज नाही. रुख्मिणी आली आणि बांधावर थांबली. आवडाबाईनं दोनदा बोलावलं तरी खाली उतरली नाही. मी तिथंच उभं राहून पान वाचलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंग माशा कुठी गेल्या?”

“आमीच मारल्या,” आवडाबाई म्हणाली. “तुह्या बोटानं काईच झालं नोतं, रुख्मिणी. नाव तुह्यं झालं. ये, त्या फयाले बोट दाखव. माह्या देखत दाखव.”

रुख्मिणीचा हात वर आला. अर्ध्यावर आला आणि बोटं आपोआप आत वळली. तिनं आपल्याच मुठीकडं पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

“राहू द्या, मोठीबाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. “माशी तं आताबी नाई. हे फय तसंबी गयनच. मी दाखवलं का पुन्हा माह्यंच नाव होईन.”

आवडाबाई वेलाजवळ वाकली आणि आपलं हिरवट डागांचं, कापलं-चिरलेलं बोट सरळ करून एकेका फळावर रोखलं. जन्मात तिनं असं केलं नव्हतं.

“एक,” ती म्हणाली. “दोन. तीन. आता गयले तं माह्यं नाव.”

रुख्मिणी बांधावरून उतरली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. ऊन चढेपर्यंत आम्ही तिघंही त्या फुलांकडं बघत होतो. मग फुलं एकेक करून मिटली. माशी आली नाही.