गुरुजींच्या शब्दांची नक्कल

लाल रेघ दिसली की गुरुजींचं डोकं फिरायचं. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सौंदडला माझ्या टायपिंगच्या दुकानात येऊन आमच्या भागातल्या झाडीबोलीतले शब्द टाइप करत. कॉम्प्युटरने ‘सांदवाडी’खाली रेघ ओढली की ते भडकत, “माह्या घरामागच्या अंगणाले हे मशीन चूक काऊन म्हणून राहिलं?” मग माऊसचं बटण दाबून ‘शब्दकोशात जोडा’ निवडत आणि शब्दाला म्हणत, “ये बाबा, बस आत.”

वही त्यांनी कधी ठेवली नाही. चिचगडच्या जंगलापर्यंत फिरून ऐकलेला शब्द तोंडाने घोकत आणायचा, आत बसवायचा आणि निर्धास्त व्हायचं. गिऱ्हाईक खोळंबलं की मी ओरडायचो, “उठा आता, गुरुजी!” ते हसत. “तू सौद्यात पक्का, ऐकण्यात कच्चा. कोशाची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली का, बाबू?”

“घेतो, घेतो.”

चार वर्षं हेच चाललं.

जुना कॉम्प्युटर देऊन नवा घेताना गोंदियाच्या व्यापाऱ्याशी मी तासभर भांडलो, वर प्रिंटर फुकट पाडून घेतला. फायली सगळ्या उतरवल्या होत्या. शब्दांची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये दडलेली असते, हे मला कोणी सांगितलं होतं? दुकान मी एकट्याने उभं केलं, शिकवायला कोण होतं?

त्याच आठवड्यात गुरुजींना लकवा झाला. वाचा गेली. ओळखीचे शब्द सतत ऐकवा, असं डॉक्टर म्हणाले. गुरुजींच्या घरून काकू दुकानात आल्या. “त्याइचे शब्द काढून दे ना, बाबू.” मी कोश उघडला. यादी कोरी होती.

तसाच गोंदियाला धावलो. व्यापारी म्हणाला, “डिस्क तो कल ही साफ कर दी, भैया.” मी त्याची कॉलर धरली. काय उपयोग?

परत येऊन खाटेशी बसलो. “नक्कल घेतली नाही, गुरुजी.” शिव्या द्यायला हव्या होत्या त्यांनी. वाचा नव्हती, निदान तोंड तरी फिरवायचं! ते नुसते बघत राहिले. त्याचा राग मला अजून आहे.

मग आठवेल ते बोलत सुटलो. बोडी, शेतातलं तळं. रोवणा, भाताची लावणी. परे, लावणीची रोपं. ‘सांदवाडी’ म्हटलं आणि त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर हळूच दाबलं गेलं, माऊसचं बटण दाबावं तसं.

पोळ्याआधी ते गेले. त्या खाटेशी मला एकवीस शब्द आठवले होते. ते नव्या कॉम्प्युटरच्या कोशात बसवले. दुकान बंद करताना त्या शब्दांची रोज नक्कल घेतो, तीन ठिकाणी.

बाविसावा काही केल्या आठवत नाही.